मुलं घर सोडून गेल्यावर आईबापांनी काय करायचं? बायबल नेमकं काय म्हणतं?

महिला सभेत प्रार्थनेच्या विनंत्या मागितल्या की आपल्यातल्या कितीतरी जणींची विनंती मुलांसाठीच असते, व्हिसा मिळू दे, ॲडमिशन होऊ दे, कॅम्पसमधून चांगली कंपनी मिळू दे, आणि मग एक दिवस तीच बाई उभी राहून साक्ष देते की देवाने ऐकलं, मुलगा जर्मनीला गेला किंवा मुलगी बेंगळुरूला जॉइन झाली. सगळ्याजणी देवाची स्तुती करतात आणि ती घरी जाऊन रडते. मूल गेल्याचं दुःख तर असतंच, पण त्यावर अजून एक ओझं असतं की जे मागितलं तेच देवाने दिलं ना, मग मी रडतेय कशाला, माझा विश्वास कमी पडतोय का. वडील मंडळी बहुतेक रडत पण नाहीत, मुलाच्या खोलीत जाऊन खिडकी नीट लागलीय का तेवढं बघून येतात.

ह्या विषयावर उपदेश फारसे ऐकायला मिळत नाहीत. लग्नावर मिळतात, मुलांना वळण लावण्यावर मिळतात, म्हाताऱ्या आईबापांना सांभाळा यावरही मिळतात, पण मधली जी पंधरा-वीस वर्षं असतात, म्हणजे मुलं गेलीत आणि आपण अजून धडधाकट आहोत, त्याबद्दल कोणी बोलत नाही. म्हणून जेवढं वाचून आणि जुन्याजाणत्या पाळकांना विचारून समजलं तेवढं सोप्या भाषेत लिहितेय. मुख्य गोष्ट आधीच सांगते. मूल मोठं होऊन निघून जाणं हे ख्रिस्ती शिकवणुकीत घर मोडणं मानलेलं नाही, ते बायबलच्या सुरुवातीच्या पानांपासूनच धरून चाललेलं आहे, आणि त्यानंतर आईबापांचं काम बदलतं, सांगायचं कमी होतं आणि देवावर सोपवायचं वाढतं.

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायातलं २४ वं वचन लग्नात हमखास वाचतात, पुरुष आईबापाला सोडून बायकोशी जडून राहील आणि दोघं एकदेह होतील. आपण ते इतक्या वेळा ऐकलंय की त्यातली एक गोष्ट लक्षातच येत नाही, तिथे सोडून जाणारा मुलगा आहे. आपल्याकडे मुलगी सासरी जाते आणि मुलगा राहतो, आणि त्या काळच्या इस्राएली लोकांतही साधारण तसंच होतं, मुलगा लग्न करून बापाच्याच घरात नाहीतर भिंतीला भिंत लावून राहायचा, सून घरात यायची, तीन पिढ्या एका छपराखाली असायच्या. मग ज्या समाजात मुलगा सहसा कुठे जातच नव्हता तिथे असं वचन कशासाठी? कारण ते किलोमीटरबद्दल बोलतच नाहीये, आता त्याच्या आयुष्यात पहिली जागा कोणाची, पहिली जबाबदारी कोणाची, हे ते सांगतंय. म्हणजे एखादा मुलगा शेजारच्या खोलीत राहूनसुद्धा ह्या अर्थाने सोडून गेलेला असू शकतो आणि तेच बरोबर आहे, आणि एखादा टोरंटोत बसून सुद्धा गेलेला नसतो, कारण त्याच्या किचनमध्ये डबे कुठे ठेवायचे ते आई व्हिडिओ कॉलवर ठरवतेय. विमानतळावर सोडून आलो म्हणजे सोडलं असं होत नाही, आणि मला वाटतं आपल्या घरांमधली निम्मी भांडणं इथूनच सुरू होतात.

आणि बायबलमधल्या आईबापांना हे सोपं गेलं असंही कुठे लिहिलेलं नाही. उत्पत्तीच्या २४ व्या अध्यायात रिबेकेचं लग्न ठरतं, अब्राहामाचा सेवक तिला न्यायला आलेला असतो, सगळ्यांनी हो म्हटलेलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिची आई आणि भाऊ म्हणतात की अजून दहा दिवस तरी राहू दे तिला आमच्याजवळ. शेवटी मुलीलाच बोलावून विचारतात, तू जाशील का, आणि ती म्हणते जाते. मग ते तिला आशीर्वाद देऊन पाठवतात. म्हणजे थोडं अडवून बघणं, मग तिच्या तोंडून ऐकणं आणि मग आशीर्वाद देणं, हे सगळं एकाच घरात एका सकाळी झालंय आणि त्यांना कोणी अविश्वासी म्हटलेलं नाही.

हन्नाची गोष्ट आपण संडे स्कूलपासून ऐकतो. मूल होत नव्हतं, नवस केला, शमुवेल झाला, दूध तुटल्यावर त्याला शिलोला देवाच्या मंदिरात एली याजकाकडे ठेवलं. तिचा मुलगा अगदीच लहान होता, आपली मुलं तर घोडनवरे होऊन जातात, त्यामुळे तुलना पूर्ण जुळत नाही. पण पहिल्या शमुवेलाच्या दुसऱ्या अध्यायात एक ओळ आहे ती मला फार जवळची वाटते, ती दरवर्षी त्याच्यासाठी एक छोटा झगा शिवून घेऊन जायची. विचार करा, मूल वर्षातून एकदा दिसतंय, माप घ्यायला समोर नाही, वर्षभरात किती वाढलं असेल ते मनात धरून कापड कापायचं. आपणसुद्धा हेच करतो, मूल गेल्या वेळी जसं होतं तसंच डोक्यात धरून त्याच्याशी बोलत राहतो, आणि हन्ना मात्र ते वाढलंय हे धरून शिवत होती.

आता ज्या मुद्द्यावर सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो. "आईबापाचा मान राख" ही आज्ञा, आपल्या प्रॉटेस्टंट मोजणीत पाचवी आणि कॅथलिक मोजणीत चौथी. बरेच आईबाप ती अशी वापरतात की आम्ही सांगू ते ऐक, कारण देवाने सांगितलंय. पण दहा आज्ञा फक्त लहान मुलांना दिलेल्या नव्हत्या, त्या सीनाय डोंगरापाशी अख्ख्या लोकांना दिल्या, त्यात चाळिशी-पन्नाशीची, स्वतःची मुलंबाळं असलेली माणसंही होती आणि त्यांचे म्हातारे आईबापही होते. मान राखणं हे आयुष्यभराचं आहे आणि त्यात आजारपण, पैसा, विचारपूस सगळं येतं. आज्ञा पाळणं, ऐकणं, हे इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात मुलांना सांगितलंय, आणि तिथेच दोन-तीन वचनं पुढे बापांनाही सांगितलंय की मुलांना चिडीला आणू नका. लहान मूल ऐकतं. मोठं झालेलं मूल मान राखतं, आणि मान राखूनही वेगळा निर्णय घेऊ शकतं. तीस वर्षांच्या मुलीने तुमचं म्हणणं शांतपणे ऐकून घेऊन शेवटी स्वतःला योग्य वाटलं ते केलं तर तिने पाचवी आज्ञा मोडली असं होत नाही.

खुद्द मरीयेलाही ह्यातून जावं लागलं. मार्कच्या तिसऱ्या अध्यायात येशूचे नातेवाईक त्याला धरून न्यायला निघतात कारण त्यांना वाटतं ह्याचं डोकं ठिकाणावर नाही, आणि थोड्या वेळाने त्याची आई आणि भाऊ बाहेर उभे राहून आत निरोप पाठवतात. तो बाहेर येत नाही. वाचताना कुठल्याही आईच्या काळजात कळ येईल असा तो भाग आहे. पण पुढे वधस्तंभावरून तोच मुलगा आईला योहानाच्या हाती सोपवतो, आणि प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्या अध्यायात माडीवर प्रार्थना करणाऱ्यांमध्ये मरीया आणि त्याचे भाऊ बसलेले दिसतात. ती त्याला घरी परत नेऊ शकली नाही, पण त्याच्या माणसांमध्ये जाऊन बसली.

चर्चच्या इतिहासात ह्या विषयावर एकाच आईची गोष्ट सांगायची झाली तर मी मोनिकेची सांगेन. संत ऑगस्टीनची आई, उत्तर आफ्रिकेतल्या थागास्ते गावची, आजच्या अल्जीरियात आहे ते. मुलगा ३५४ सालचा, अतिशय हुशार, आणि विशीच्या आतच आईचा विश्वास सोडून मानी नावाच्या इराणी धर्मगुरूच्या पंथात गेला. सुरुवातीला तिला इतका राग आणि दुःख झालं की ती त्याला घरात आपल्या पानाला पान लावून बसू देईना, नंतर तिला एक स्वप्न पडलं आणि ती परत त्याच्याबरोबर जेवायला लागली. मुलगा अजून बदलला नव्हता, तरी जेवण एकत्र सुरू झालं, हे विसरू नका. ती एका बिशपांच्या मागे लागली होती की तुम्ही त्याच्याशी बोला, त्याला समजवा, आणि ते म्हणाले आत्ता नको, त्याला राहू दे, फक्त देवाजवळ प्रार्थना कर. तरी ती रडत मागे लागलीच, तेव्हा ते जरा वैतागून बोलले की जा आता, इतक्या आसवांचा मुलगा वाया जाणं शक्य नाही.

मग ३८३ साली ऑगस्टीनने रोमला जायचं ठरवलं. मोनिका कार्थेजच्या बंदरापर्यंत मागे आली, एक तर परत चल नाहीतर मला घेऊन चल म्हणून. त्याने तिला थाप मारली की मी मित्राला निरोप द्यायला थांबलोय, वारा फिरला की तो निघेल, तू तोवर इथे संत सिप्रियनच्या देवळात थांब. ती रात्रभर तिथे प्रार्थना करत राहिली की हा न जावो, आणि तो रात्रीच जहाजात बसून गेला. सकाळी तिला कळलं. आपल्याकडच्या कितीतरी आया ह्यापेक्षा सौम्य कारणांनी वर्षभर बोलत नाहीत मुलांशी.

ह्या रात्रीबद्दल पुढे ऑगस्टीनने स्वतः आपल्या आत्मचरित्रात जे लिहिलं ते मला ह्या अख्ख्या विषयाचं मर्म वाटतं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की देवाने तिची त्या रात्रीची विनंती ऐकली नाही, कारण ती वर्षानुवर्षं जे मागत होती ते त्याला द्यायचं होतं. ती मागत होती मुलाचा विश्वास, आणि त्या रात्री मागत होती मुलाचं न जाणं, आणि ह्या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत होत्या. तो रोमला गेला, तिथून मिलानला गेला, तिथे बिशप अ‍ॅम्ब्रोजचे उपदेश ऐकले आणि ३८७ च्या ईस्टरला बाप्तिस्मा घेतला. आईच्या नजरेसमोर राहून हे झालं नसतं असं मी छातीठोक म्हणणार नाही, पण झालं ते घरापासून लांब, दुसऱ्याच्या तोंडून झालं. आपल्या मुलांना देव भेटेल तो आपल्या मार्फतच भेटेल असं आपण धरून बसतो, ते तसं असेलच असं नाही.

मोनिका मागोमाग समुद्र ओलांडून मिलानला पोचली आणि तिथली एक छोटी गोष्ट परदेशात मुलांकडे जाणाऱ्या आईबापांनी जरूर ऐकावी. आफ्रिकेत रिवाज होता की रक्तसाक्ष्यांच्या, म्हणजे विश्वासासाठी जीव दिलेल्यांच्या, समाध्यांवर लापशी, भाकर आणि वाइन घेऊन जायचं. ती मिलानमध्येही टोपली घेऊन गेली तर दारावरच्या माणसाने अडवलं, इथल्या बिशपांनी बंद केलंय. तिने वाद घातला नाही, टोपली परत नेली आणि पुन्हा आणली नाही. शनिवारी उपास करायचा की नाही ह्यावरूनही तिला प्रश्न पडला, घरी करायचे आणि मिलानमध्ये करत नव्हते, तेव्हा अ‍ॅम्ब्रोजने सांगितलं की मी रोमला गेलो की तिथल्यासारखा करतो, इथे असलो की इथल्यासारखा. मुलाच्या गावातली उपासना आपल्यासारखी नसते, पेटी-तबला नसतो, भजनं नसतात, लोक जीन्स घालून येतात, आणि आपण पहिल्याच रविवारी सुनेला सांगतो की हे काय चर्च आहे का.

मोनिकाही काही चुका न करणारी बाई नव्हती, ऑगस्टीनचं चांगल्या घरात लग्न जमवायचा तिने बराच खटाटोप केला आणि ते लग्न शेवटी झालंच नाही. त्याच वर्षी, ३८७ मध्ये, घरी परतताना रोमजवळ ओस्तिया बंदरात ती वारली, वयाच्या ५६ व्या वर्षी. आयुष्यभर तिची इच्छा होती की नवऱ्याच्या शेजारी आपल्या गावात पुरावं, त्यासाठी जागाही करून ठेवली होती, आणि शेवटी तिने सांगितलं की हे शरीर कुठेही ठेवा, फक्त प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण करा. बंदरावर मुलाला धरून ठेवणारी बाई चार वर्षांत इथपर्यंत आली.

आपण मराठी ख्रिस्ती लोकांनी तर ह्या विषयात जास्त हळवं असायला हवं, कारण आपल्यातल्या बऱ्याच घराण्यांची सुरुवातच कोणीतरी घर सोडल्याने झालीय. एकोणिसाव्या शतकात बाप्तिस्मा घेणं म्हणजे बहुतेक वेळा घरादाराला, जातीला मुकणं होतं. बाबा पद्मनजी १८५४ मध्ये ख्रिस्ती झाले, ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि ह्या मोठ्या नावांच्या मागे कितीतरी साधी माणसं होती, नगर जिल्ह्यातल्या खेड्यांतली, ज्यांची नावं फक्त मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, जुन्या वह्यांत असतील. त्यांच्या साक्षी आपण अभिमानाने सांगतो. पण त्या प्रत्येक साक्षीच्या मागे एक आई होती जिच्यासाठी मुलगा गेला तो गेलाच, आणि तिच्याकडे व्हिडिओ कॉल नव्हता. आज आपलं मूल वेगळ्या विचाराचं झालं, दुसऱ्या पंथाच्या चर्चला जायला लागलं किंवा जायचंच थांबलं, तर त्या आयांच्या जागी आता आपण आहोत.

आणि मूल चर्चला जायचंच थांबलं ह्याबद्दल जरा थांबून बोलायला पाहिजे, कारण शहरात किंवा परदेशात मूल गेलं की आईबापांची खरी भीती ही असते आणि ती उघडपणे कोणी बोलत नाही, मंडळीत काय म्हणतील म्हणून. नीतिसूत्रे २२:६ हे वचन इथे फार लोकांना टोचतं, की मुलाला योग्य शिक्षण दिलं तर तो म्हातारपणीही त्यातून ढळणार नाही. म्हणजे ढळला तर आमचंच चुकलं. पण नीतिसूत्रे हे शहाणपणाच्या बोलांचं पुस्तक आहे, साधारणपणे जग कसं चालतं ते त्यात सांगितलंय, देवाने स्टॅम्प पेपरवर लिहून दिलेली हमी म्हणून ते वाचायचं नसतं. त्याच पुस्तकात बापाचं न ऐकणारी मुलंही पानोपानी आहेत. आणि पुरावा हवा तर तोच शमुवेल बघा, हन्नाने झगे शिवलेला. त्याची मुलं, योएल आणि अबीया, बैर-शेबात न्यायाधीश होती, बापापासून लांब, आणि पहिल्या शमुवेलाच्या आठव्या अध्यायात स्पष्ट लिहिलंय की ती बापाच्या मार्गाने चालली नाहीत, लाच खायला लागली. शमुवेल वाईट बाप होता असं बायबल कुठेही म्हणत नाही. मोठं माणूस स्वतःचा निर्णय स्वतः घेतं एवढंच.

त्यामुळे फोनवर पहिलाच प्रश्न "चर्चला गेलास का?" हा असू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मुलगा एक तर खोटं बोलतो किंवा रविवारी फोन उचलायचं बंद करतो, दोन्हीत नुकसान आपलंच. त्यापेक्षा आपण काय वाचलं ते सांगावं, आज आम्ही तुझ्यासाठी १२१ वं स्तोत्र म्हटलं, एवढं पुरतं. घरातली संध्याकाळची प्रार्थना मात्र बंद करू नका. आमच्या घरी शास्त्रपाठ आळीपाळीने एकेक वचन असा वाचतात, चौघं असताना आपली पाळी यायला वेळ लागायचा, आता आम्ही दोघंच, चष्मा नीट करेपर्यंत परत पाळी येते. सुरुवातीला ते फार अंगावर येतं. पण नवरा-बायकोने खूप वर्षांनी एकमेकांचा आवाज नीट ऐकायला सुरुवात होते ती पण तिथेच, आणि एकदेह व्हायचं वचन मुलांच्या लग्नाआधी आपल्याही लग्नात वाचलं होतं ना.

रडायचं तर रडा, त्याची लाज नको. पण एक काळजी घ्या, झोप उडालीय, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही, जगून काय करायचं असं वाटायला लागलंय, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललंय, तर ते फक्त मुलाची आठवण येणं नसतं, ते डिप्रेशन असू शकतं आणि त्याला डॉक्टर लागतो. प्रार्थना आणि औषध दोन्ही एकत्र चालतं. पहिल्या राजे १९ मध्ये एलीया झुडपाखाली पडून मरण मागत होता तेव्हा देवदूताने उपदेश केला नाही, झोपू दिलं, भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं. सरकारची टेलिमानस म्हणून फुकट हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, मराठीतून बोलता येतं.

मूल दुसऱ्या शहरात जात असेल तर आपल्या पाळकांकडून तिथल्या मंडळीसाठी पत्र मागून घ्या, सभासदत्व तिकडे घ्यायला उपयोगी पडतं, आणि ही प्रथा प्रेषित पौलापासूनची आहे, रोमकरांस पत्राच्या १६ व्या अध्यायात त्याने फिबीची अशीच शिफारस केलीय. सीएनआयचं (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मूल बेंगळुरू-चेन्नईला गेलं तर तिथे सीएसआय (चर्च ऑफ साउथ इंडिया) आहे, दोन्ही मंडळ्यांची आपसात सहभागिता आहे. पत्र मुलाच्या हातात द्या, वापरायचं की नाही ते त्याला ठरवू दे. आणि मुलांनाही एक बाजू सांगायला हवी, कारण येशूने मार्कच्या सातव्या अध्यायात कुर्बान म्हणून देवाच्या नावाने पैसे बाजूला काढून आईबापांना न देणाऱ्यांना चांगलंच सुनावलंय. लांब गेलं म्हणून आईबापांची जबाबदारी संपत नाही.

शेवटी लूकचा १५ वा अध्याय. त्यात येशूने सांगितलेले तीन दाखले, म्हणजे बोधाच्या गोष्टी, आहेत, मेंढरू हरवतं तर मेंढपाळ शोधायला जातो, नाणं हरवतं तर बाई दिवा लावून घर झाडते, पण मुलगा निघून जातो तेव्हा बाप शोधायला जात नाही. मला आधी हे विचित्र वाटायचं. मेंढरू खांद्यावर टाकून आणता येतं, मुलाला नाही, त्याला स्वतःच्या पायाने यावं लागतं, म्हणून बाप त्याची वाट बघतो आणि तो लांब असतानाच दिसला की धावतो. आल्यावर हिशेब विचारत नाही. पण हाच बाप त्याच संध्याकाळी अजून एकदा घराबाहेर येतो, मोठ्या मुलासाठी, जो कधी गेलाच नव्हता आणि रागाने अंगणात उभा आहे की मला मित्रांबरोबर खायला कधी एक करडूसुद्धा दिलं नाही. आपल्या घरात हा मोठा मुलगा असतो, कधी मोठी मुलगी असते, कधी सून असते. पप्पांना बीपीच्या तपासणीला तीच नेते, गॅस तीच बुक करते, रात्री छातीत दुखलं तर रिक्षा तीच बोलावते, आणि नाताळात पंधरा दिवसांसाठी परदेशातला आला की मटण, करंज्या, नवीन चादरी सगळं निघतं आणि मंडळीत ओळख पण त्याचीच करून दिली जाते. दाखल्यातला बाप मोठ्याला म्हणतो, तू नेहमी माझ्याजवळ आहेस आणि जे माझं ते सगळं तुझंच आहे. हे घरी राहिलेल्या मुलाला तोंडाने सांगा, धाकटा यायच्या आधी, आणि त्या दिवशीचं मटण त्याच्यासाठी करा.